हजेरीपटाबाहेरचा माणूस

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आमच्या घरी तीन कामं एकदम घेऊन आला. हापूसच्या पालवीवरची पहिली फवारणी, शुक्रवारी देवदिवाळी आणि रविवारी, २३ नोव्हेंबर २०२५ ला, माझी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. तिन्हींतलं एकही पुढे ढकलण्यासारखं नव्हतं. पालवी थांबत नाही, देव थांबत नाहीत आणि परीक्षा परिषद तर नाहीच नाही.

मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर आहे, वाडी खाली वहाळाच्या, ओढ्याच्या, काठाने. आमचं घर त्याच्याही खाली, समुद्राच्या अंगाला, नारळी-पोफळीच्या आगरात. पाखाडी चढून शाळेत जायचं, उतरून घरी यायचं. २००५ साली शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिना तीन हजार मानधन होतं. लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं. मला पाहायला आले तेव्हा ह्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "नोकरी सोडणार नाही ना?" तो प्रश्न कुणी कसाही घेईल. मला तो आवडला होता, आजही आवडतो.

टीईटीचं थोडं सांगते, कारण या आठवड्याचं सगळं ओझं तिच्यावर आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक आहे अशा कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी राहणार नाही. आम्ही लागलो तेव्हा ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा झाली २०१३ साली. निकाल आला त्या रात्री आमच्या केंद्रातल्या कित्येक घरांत जेवणं झाली नसतील. वीस वीस वर्षं पहिलीच्या मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतलेल्या बायका फोनवर रडत होत्या. मी रडले नाही, पण दोन दिवस कुणाशी नीट बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी हे शृंगारतळीला खत आणायला गेले, ते खताच्या गोणीबरोबर पेपर एकचं जाडजूड मार्गदर्शक घेऊन आले. मी मागितलं नव्हतं. त्यावर तपकिरी कागदाचं कव्हरही यांनीच घातलं, शाळेतल्या मुलाच्या पुस्तकाला घालतात तसं.

तेव्हापासून रात्रीची जेवणं झाली की पडवीत आमचा अभ्यास सुरू होतो. हे सुपारीचे बेडे सोलत बसतात, सासूबाई वाती वळतात, मी प्रश्न सोडवते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. बालविकास व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. ह्यांचं शिक्षण बारावीपर्यंत. वडील अचानक गेले आणि बाग अंगावर आली, कॉलेज राहिलं. पण परिसर अभ्यासाचा भाग निघाला की सोलणं थांबतं. खारफुटीची मुळं चिखलाच्या वर का येतात, जांभ्यात पाणी का ठरत नाही, परागीभवन कशाने होतं, हे सगळं त्यांना पुस्तकाआधी ठाऊक असतं. मोहोराच्या एकाच तुऱ्यात नर फुलंही असतात आणि द्विलिंगीही, फळ धरतं ते द्विलिंगी फुलाला, हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत हे मोहोराचा तुरा घेऊन शाळेत आले आणि भिंग लावून मुलांना एकेक फूल दाखवत बसले. मुलांनी फुलं मोजली. तो तास परिसर अभ्यासाचा होता की गणिताचा, मला सांगता येणार नाही.

या वर्षी हवामानाने सगळ्यांचीच परीक्षा घेतली. पाऊस २५ मे लाच कोकणात उतरला आणि ऑक्टोबर सरेपर्यंत हलला नाही. भात कापून ठेवलं तरी वाळेना, खळं सारवलं की पुन्हा चिखल. जमिनीत ओल राहिली म्हणून झाडांनी मोहोराऐवजी पालवी काढली. कोवळी पोपटी पालवी दिसायला सुंदर, पण तुडतुड्यांना, रस शोषणाऱ्या किडीला, तीच हवी असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक ह्यांनी माजघराच्या दाराला चिकटवलंय. त्याच दारावर माझं अभ्यासाचं वेळापत्रक. जाता-येता दोघंही दोन्ही वाचतो.

सोमवारी पहाटे हे गाडी घेऊन बाहेर पडले ते बागेच्या राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबाला आणायला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबाबागा आता बऱ्याच अंशी नेपाळी माणसांच्या जिवावर उभ्या आहेत. वाडीतली तरणी माणसं मुंबईला, उरलेली म्हातारी. वानर हाकलायचे, रात्रीची राखण करायची, औषधाच्या नळ्या ओढायच्या, हे कोण करणार? दिवाळीच्या आगेमागे ही माणसं येतात आणि मे-जूनमध्ये परततात. बागेतल्या खोलीत राहतात. त्यांची मुलंही सोबत असतात, आणि त्या मुलांचं काय होतं हे बहुतेक बागांत कुणी विचारत नाही.

या वेळी आई-वडील, दोन वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी अशी चार माणसं उतरली. मुलीला धाकट्याला सांभाळायला आणलं होतं, हे उघड होतं. ह्यांनी सामान उतरवून झाल्यावर बापाला सांगितलं, "लडकी कल से स्कूल जायेगी. मैडम घर की ही है." मला दुपारी हे कळलं ते फोनवर, पोषण आहाराचं ताट हातात असताना. मंगळवारी सकाळी मुलगी ह्यांच्या मोटारसायकलवर पुढे टाकीवर बसून शाळेत हजर. केसांना तेल, पायात तिच्यापेक्षा मोठ्या चपला, हातात ह्यांनीच दिलेली पाटी.

तिच्याकडे कागद कसलेही नव्हते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत बसवायचं असतं. म्हणून तिला दुसरीत बसवलं. हजेरीपटावर नाव घातलं आणि आमचा पट अकराचा बारा झाला. कोकणात ज्याने छोट्या शाळेत काम केलंय त्यालाच हा एक आकडा काय असतो ते कळेल. विसाच्या आतल्या शाळा एकत्र करायच्या, समूह शाळा करायच्या, अशा बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात आणि वाडीतली माणसं माझ्याकडे बघतात, जणू मला वरचं काहीतरी ठाऊक आहे. नियमाने प्राथमिक शाळा मुलापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पण कागदावरचा एक किलोमीटर आणि जुलैतल्या वहाळापलीकडचा एक किलोमीटर यांत फार अंतर आहे. पावसाच्या दिवसांत पहिलीतलं पोर पलीकडच्या गावातल्या शाळेत जाणार नाही, घरीच बसेल. मुलींचं तर नक्कीच बसणं होईल. म्हणून ही शाळा इथेच राहिली पाहिजे, अगदी पाच मुलं उरली तरी. हे मी बैठकीतही बोलते.

मंगळवारी मुलगी काहीच बोलली नाही. नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे फळ्यावरची काही अक्षरं तिच्या ओळखीची होती. 'क' दिसला की ओठ हलायचे, आवाज मात्र नाही. बाकीची मुलं तिच्याभोवती कोंडाळं करून. चौथीतला एक मुलगा तिला सारखा विचारत होता, "तुझ्या गावाला बर्फ हाय?"

बुधवारचं मला सविस्तर सांगायचंय. आदल्या रात्री बालविकासाच्या प्रकरणात पियाजे निघाला होता, मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ, आणि त्याचा प्रयोग. सारख्या दोन पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं, मग एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? लहान मूल उंच भांड्याकडे बोट दाखवतं. साधारण सात वर्षांच्या पुढे ते सांगू लागतं की पाणी तेवढंच आहे. हे मी डी.एड.ला पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळाले होते. हे ऐकत होते. म्हणाले, "मुलांना विचारून बघितलंस कधी?"

म्हणून बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी टेबलावर स्टीलचे दोन पेले ठेवले आणि पाण्याची एक उंच बाटली, तिचा वरचा भाग कापलेला. मुलांच्या देखत दोन्ही पेले काठोकाठ भरले. "सारखं आहे?" सगळे हो म्हणाले. नवीन मुलीनेही मान हलवली. मग एक पेला बाटलीत रिता केला. पहिलीतल्या दोघांनी लगेच बाटलीकडे बोट केलं. नवीन मुलीनेही बाटलीकडेच. तिसरी-चौथीतली मुलं हसली, "तेवढंच हाय बाई!" मी म्हटलं, कशावरून? सगळे गप्प. कशावरून हे सांगणं अवघड असतं, मोठ्यांनाही. मग त्या चौथीतल्या बर्फवाल्या मुलाने सांगितलं, "परत मागं ओतलं तर कळंल."

त्याने ओतायच्या आत ती मुलगी उठली. बाटली दोन्ही हातांनी उचलली, रिकाम्या पेल्यात हळूहळू ओतली, थेंबही सांडू दिला नाही. पेला काठोकाठ भरला. मग खाली वाकून दोन्ही पेल्यांच्या काठांशी डोळे नेले आणि बराच वेळ बघत राहिली. नंतर तिने पुन्हा एकदा पेला बाटलीत ओतला, पुन्हा पेल्यात. तिसऱ्यांदा तिने बाटलीकडे बोट केलं नाही. एक बोट बाटलीवर, एक बोट पेल्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बराबर." शाळेतला तिचा पहिला शब्द.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, का ते त्यांनाही ठाऊक नसेल. मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत राहिले, कारण मला मुलांसमोर डोळे पुसायचे नव्हते. वीस वर्षांच्या नोकरीत मी पियाजे पहिल्यांदा असा पाहिला. टीईटीबद्दल माझं मत विचाराल तर ते या एका पाण्याच्या पेल्याने बदललेलं नाही. वीस वर्षं काम घेतल्यावर पात्रता विचारणं मला अन्यायाचं वाटतं. पण पुन्हा पुस्तक उघडल्याने मला त्या दिवशी काहीतरी मिळालं, हेही तितकंच खरं, आणि दोन्ही गोष्टी मी मनात ठेवून आहे.

रात्री ह्यांना सांगितलं तर सोलायचा कोयता बाजूला ठेवून त्यांनी सगळं पहिल्यापासून ऐकलं. मग सासूबाईंना पुन्हा सांगायला लावलं.

शाळेच्या कामात ह्यांचा हात किती, हे मोजायला मी कधी बसले नव्हते. या आठवड्यात ते डोळ्यांसमोर आलं. आमच्याकडे दोन शिक्षक आहेत, पण गुरुजींनाही टीईटी आहे आणि त्यांचं घर लांब, म्हणून ते गुरुवारपासून रजेवर. बारा मुलं, पाच इयत्ता आणि मी. त्यात पोषण आहार. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ सरकारकडून येतो, भाजीचं आपल्याला बघावं लागतं. शाळेमागे परसबाग आहे ती ह्यांनी केलेली. सड्यावर माती नाही, कातळच. खालून आगरातली माती गोणीने वर नेऊन वाफे भरले, टाकीपासून नळी ओढली. शेवगा, लाल माठ, वांगी, पडवळ. गुरुवारी स्वयंपाकाच्या ताईंच्या घरी भाताची झोडणी होती, त्या उशिरा येणार होत्या. ह्यांनी सकाळी सातला माठ खुडून, धुवून, चिरून डब्यात भरून माझ्या हाती दिला. आहाराची रोजची माहिती मोबाईलवरून पाठवायची असते आणि शाळेत रेंज मिळत नाही. संध्याकाळी पंप बघायला हे सड्याच्या टोकाला जातात तेव्हा माझा फोन घेऊन जातात आणि माहिती पाठवून येतात. कुठल्याही नोंदवहीत हे नाही. शिक्षक म्हणून आम्हा बायकांचं कौतुक होतं, पुरस्कार मिळतात, सत्काराला नवऱ्याला पहिल्या रांगेत बसवतात आणि नारळ देतात. पण एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळा चालतात त्या अशा माणसांवर. पुरुष शिक्षकांच्या बायका तर पिढ्यान् पिढ्या हे करत आल्या. गुरुजींच्या घरी राहून शिकलेली मुलं कोकणात गावोगाव सापडतील, आणि त्यांना भाकऱ्या करून घालणाऱ्या बाईचं नाव फार थोड्यांना आठवेल.

गुरुवारी अमावास्या. गडी अमावास्येला औषधाला हात लावत नाहीत. पुढे शुक्रवारी सण, शनिवार-रविवार ह्यांना माझ्याबरोबर रत्नागिरीला यायचं. म्हणजे अमावास्या असली तरी फवारणी गुरुवारीच. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा हे आणि तो नवा आलेला नेपाळी बाबा, दोघांनीच सुरुवात केली. दहा लिटर पाण्याला नऊ मिली डेल्टामेथ्रीन, दारावरच्या कागदात लिहिलंय तसं, एक थेंब जास्त नाही. काही बागायतदार घाबरून दुप्पट मारतात. ह्यांना ते अजिबात खपत नाही. मी शाळेतून आले तेव्हा दोघं विहिरीवर अंग घासत होते आणि मुलगी पायरीवर बसून त्यांना शाळेतलं गाणं म्हणून दाखवत होती, अर्धे शब्द मराठी, अर्धे तिचेच.

देवदिवाळीला शाळा होती, मुलं उशिरा आली, लवकर गेली. सासूबाईंनी गावदेवी, कुलस्वामिनी, राखणदार अशी सगळ्यांची पानं मांडली. भोपळ्याचे घारगे, काळ्या वाटाण्याची आमटी, भात नव्या तांदळाचा. दरवर्षी राखणदाराचं पान हे बागेत नेऊन ठेवतात. या वर्षी सासूबाईंनी बागेतल्या खोलीसाठी वेगळी चार पानं काढली, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

शनिवारी सकाळची शाळा करून दुपारी निघालो. तवसाळहून फेरीबोटीने जयगड, पुढे रत्नागिरी. बोटीवर मोटारसायकल लावली आणि मी कठड्याशी उभी राहून भाषेच्या वाक्प्रचारांची वही काढली. शास्त्री नदीचं पाणी संथ होतं, पलीकडे जयगडचा किल्ला आणि त्या बाजूच्या प्रकल्पाच्या चिमण्या. ह्यांनी वही काढून घेतली. "आता राहू दे. जे यायचंय ते आलंय." रात्री ह्यांच्या मामेबहिणीकडे मुक्काम, लेक हॉस्टेलमधून भेटायला आली. तिची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. तिने मला इंग्रजीचे प्रश्न विचारले आणि चुकलं की माझ्यासारखीच मान हलवली.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका वर्गात पन्नाशीला टेकलेले गुरुजी आणि बावीस वर्षांच्या मुली शेजारी शेजारी. माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंचे हात थरथरत होते, उत्तराचा गोल भरताना त्या दुसऱ्या हाताने मनगट धरून होत्या. गणिताला वेळ कमी पडला. परिसर अभ्यास चांगला गेला. बाहेर आले तर फाटकाशी नवऱ्यांचीच गर्दी होती. हातात पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, कुणाच्या कडेवर मूल. "कसा गेला?" एकानेही आधी विचारलं नाही. आधी पाणी दिलं.

परतीच्या बोटीवर हे बराच वेळ हिशेब करत होते. मला वाटलं औषधाचा. मग म्हणाले, "जूनला ती माणसं परत जाणार. शाळा जूनच्या मध्याला सुरू. पोरीचं वर्ष दरवर्षी अर्ध्यातूनच सुरू होणार." त्यांच्या डोक्यात होतं ते असं: बागेतली खोली पावसाळ्यात गळते म्हणून कुणी राहत नाही. वरून पत्रे बदलले आणि ओटा एक हात उचलला, तर कुटुंब पावसातही राहू शकेल. आगरात सुपारीचं काम असतंच, मजुरी निघेल. पत्रे शृंगारतळीला घ्यावे की चिपळूणला, गवंडी कोण, या वर्षीच्या आंब्यावर एवढा खर्च झेपेल का, यावर जयगड ते तवसाळ आमचं बोलणं चाललं. मी म्हटलं, माझ्या पगारातून पत्रे घेऊ, मजुरी तुम्ही बघा. पण त्याआधी उद्या मुलीला शाळेत सोडायला याल तेव्हा तिच्या आई-बापाला विचारा. त्यांचं गाव आहे, शेत असेल, म्हातारी माणसं असतील. राहायचं का हे त्यांनी ठरवायचं. हे म्हणाले, "बापाला मी विचारतो. आईला तू विचार."